विहीणबाई, दार उघडा

४ मार्च

विहीणबाई,

सुखरूप पोचले. आठवडाभर तुमच्याकडे राहून चांगली गुटगुटीत होऊन आले, त्याबद्दल आधी आभार आणि मग भांडण.

आभार एवढ्यासाठी, की मुलांचं लग्न होऊन चार वर्षं झाली तरी आपण दोघी कधी निवांत बसलोच नव्हतो. लग्नात तुम्ही मुलाची आई, मी मुलीची आई, त्यामुळे दोघींनाही चेहरे सांभाळण्यातच दिवस गेला. या आठवड्यात कळलं, की तुम्हाला कमी ऐकू येतं हे अर्धंच खरं आहे. जे ऐकायचं असतं ते तुम्हाला बरोबर कळतं! आणि जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडून मी जो आवाज कमावलाय, त्याचं पहिल्यांदा कुणीतरी कौतुक केलं. 'तुमचं एकटीचं बोलणं मला डोळे मिटूनही ऐकू येतं' हे तुमचं वाक्य मी घरी आल्या आल्या सगळ्यांना ऐकवलं. इथे मला सगळे 'हळू बोल' म्हणूनच ओळखतात.

आता भांडण. तुमच्या दारात रोज त्या घरपोच माल धाडणाऱ्या कंपनीचं हिरवं खोकं. साबणाचं खोकं, पिठाचं खोकं, एकदा तर सुईच्या पाकिटासाठी बुटांच्या खोक्याएवढं खोकं! आणणारा माणूस जिना धावत चढतो, धावत उतरतो. मी त्याला पाणी विचारलं तर म्हणाला, 'नको मावशी, घड्याळ चालू आहे.' माणसाला पाणी प्यायला वेळ देत नाही ती कसली कंपनी? आमच्या गल्लीतली तीन दुकानं तिने बंद पाडली. म्हणून तर आम्ही भांडार काढलं. त्याला मालक नाही, म्हणजे सगळेच मालक. प्रत्येक सभासदाने महिन्याला एक पाळी करायची, कुणी तोलायचं, कुणी झाडायचं. डबे आपले आपण न्यायचे. मागच्या खोलीत शिडी आहे, ड्रिल आहे, कुबड्या आहेत, चाकाची खुर्ची आहे. लागेल त्याने न्यावी, काम झालं की आणून ठेवावी. कुणी आजारी पडलं तर आमचा मदतगट जेवण पोचवतो, दवाखान्यात सोबतीला जातो. तुमच्याकडेही असं काही असेलच. जरा घराबाहेर पडून शोधा की.

आणि एक. लेकीचा फोन होता. तुमच्यासाठी मागची खोली रंगवून घेतली म्हणे. तुम्ही त्यांच्याकडे कायमच्या राहायला जाणार आहात का? आठवडाभरात एका शब्दाने बोलला नाहीत!

तुमची विहीण

१५ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचतानासुद्धा आवाज येतो. शेजारणीला त्रास झाला नसेल अशी आशा आहे.

खोलीचं मला माहीत आहे. रंग पिस्ता आहे. फोटो आला होता. सुनेने स्वतः निवडला, तेव्हा तुमच्या मुलीच्या आवडीला नावं ठेवत नाही. पण मला जायचं नाही. का, ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही विचारलंत. मुलांनी विचारलं नाही, त्यांनी रंग दिला.

माझं आयुष्य बाटल्यांच्या कारखान्यात गेलं. पट्ट्यावरून भरलेल्या बाटल्या सरकत यायच्या, मागे उजेड, आणि आत कण दिसला की ती बाटली उचलायची. यंत्रांच्या आवाजाने कान नेले, डोळे मात्र ठेवले. आता मी डोळ्यांनी घर चालवते. चहा झाला की वाफ सांगते. दाराची घंटा दाबली की भिंतीवरचा लाल बल्ब लागतो. कुणी जिन्यात उभं असलं की दाराखालची उजेडाची रेघ तुटते. माझ्या घरात मला कमी ऐकू येतं हे माझ्या लक्षातही राहत नाही. मुलाकडे गेले की ते दर पाच मिनिटांनी लक्षात आणून दिलं जातं, आणि तेही इतक्या प्रेमाने, की रागावतासुद्धा येत नाही.

चिरंजीवांशी माझा करार झालाय. घर नीट चाललंय तोवर मी इथे राहायचं. एकदा जरी गडबड झाली, तर मुकाट्याने बॅग भरायची. मी शब्द दिलाय, आणि मी शब्द मोडत नाही.

आता तुमच्या हिरव्या खोक्यांकडे वळू. दुकानात काय होतं ते ऐका. मी वस्तू मागते. दुकानदार फळीकडे तोंड करून काहीतरी विचारतो. त्याची पाठ मला वाचता येत नाही. मी 'काय?' म्हणते, तो पुन्हा पाठीनेच बोलतो. तिसऱ्यांदा वळून ओरडतो, आणि मागची रांग हसते. माणसं वाईट नसतात, पण मी घरी येईपर्यंत आपली दोन इंच बुटकी झालेली असते. कंपनीला तोंडच नाही. ती ओरडत नाही, हसत नाही. फोनवर बोट ठेवलं की वस्तू दारात. तो धावणारा माणूस मलाही दिसतो हो, डोळे शाबूत आहेत माझे. मलाही वाईट वाटतं. पण तुमचं भांडार म्हणजे पन्नास तोंडं! मला नको.

तुमची विहीण

६ एप्रिल

विहीणबाई,

घाईत चार ओळी. तुमच्या बोलण्याचा विचार केला. त्या कंपनीकडून घेणं मी बंद केलं आहे. सगळं छान चाललं आहे. मुलांना हे मुद्दाम कळवायची काही गरज नाही, उगाच काळजी करतात.

तुमची विहीण

१४ एप्रिल

अहो विहीणबाई!

तुमचं पत्र भांडाराच्या मासिक सभेत वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या, टाळ्या! आमचा खजिनदार कधी कुणाला चांगलं म्हणत नाही, तोसुद्धा म्हणाला, 'तुमच्या विहिणीला मानलं.' मी म्हटलं, मानायलाच हवं, चार दिवसांत पटवलं तिला मी. (सात दिवस होते, पण सभेत कोण मोजतंय?)

इतकी वर्षं मी गल्लीभर सगळ्यांना सांगत फिरते, 'कंपनी सोडा.' खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला तर रोज टोकते, त्याच्या दारात खोकं दिसलं की मला राहवत नाही. तो मान खाली घालतो आणि आत जातो, सोडत काही नाही. आणि तुम्ही एका पत्रात सोडलीत! मला किती आनंद झालाय काय सांगू. पण आता सामान कुठून आणता? भाव कसे आहेत? दुकानदार पाठ फिरवून बोलतो का अजून? सगळं सविस्तर लिहा, पुढच्या सभेत वाचायचंय.

तुमची लाडकी विहीण

२२ एप्रिल

विहीणबाई,

सभेत वाचू नका. हे पत्र तर मुळीच वाचू नका.

मी कंपनी सोडलेली नाही, कंपनीने मला सोडलं. महिन्याभरापूर्वी माझं खातं अचानक बंद झालं. कारण काय, तर 'आपली ओळख पटवणे आवश्यक आहे'. ती कशी पटवायची? कंपनी फोन करणार, फोनवरचं यंत्र काही आकडे सांगणार, आणि मी ते ऐकून जसेच्या तसे बोलून दाखवायचे. मी! फोन आला, थरथरला, मी कानाला लावला आणि अंदाजाने आकडे सांगितले. तीन वेळा. आता त्यांच्या मते मी म्हणजे मी नाहीच. लिहून विचारायची सोय शोधून काढली आणि लांबलचक लिहिलं, की मला ऐकू येत नाही. उत्तर आलं, 'कृपया आम्हाला फोन करा.'

तोंड नसलेली कंपनी मला आवडायची. तिला कानही नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. घंटेचा लाल बल्ब गेलाय, तो हवा होता. दुकानदाराने पाठ फिरवून काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं, हसून. घरी आले ती उंदराचा पिंजरा घेऊन. माझ्या घरात उंदीर नाही. परत द्यायला जायची छाती झाली नाही, तेव्हा तो कोपऱ्यात ठेवलाय, उंदराची वाट बघत.

उपाशी नाही, काळजी करू नका. डब्यांमध्ये आहे अजून. चिरंजीवांना सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या वतीने फोन केला असता, पण ती 'गडबड' ठरली असती, आणि पिस्ता खोली तयारच आहे. शेजारीण चांगली आहे, पण तिच्याकडे चिरंजीवांचा नंबर आहे. तुमच्याजवळ बोलले ते तुमच्या पोटात ठेवा. मुलांना कळता कामा नये. मला माझ्या घरात राहायचंय.

तुमची विहीण

२९ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मीच दोन इंच बुटकी झाले. सभेत टाळ्या घेतल्या त्या परत कशा देऊ?

मुलांना एक अक्षर सांगितलं नाही, सांगणारही नाही. शपथ! फक्त आमच्याकडे माल टाकणाऱ्या ट्रकवाल्याच्या कानावर घातलं. का, ते ऐका. तो पुढे तुमच्याच गावी जातो. तुमच्या गावात भांडार आहे, बाई! तुमच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून, बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत. आमच्यासारखंच, मदतगटासकट. मी त्याच्याबरोबर चिठ्ठी दिली आहे. मंगळवारी तिथली माणसं पीठ, साबण आणि लाल बल्ब घेऊन तुमच्या दारात येतील. तुम्हाला कुणाशी बोलावं लागणार नाही. दार उघडायचं आणि घ्यायचं, बस्स.

पाहा, कशी सोय लावली!

तुमची विहीण

९ मे

अगं बाई,

अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?

'दार उघडायचं आणि घ्यायचं.' बल्ब गेलाय म्हणून तू बल्ब पाठवलास ना? मग बल्बाशिवाय मला कोण आलंय ते कळणार कसं, हा विचार तुझ्या त्या गडगडाटी डोक्यात आला नाही?

मंगळवारी सकाळी मी खिडकीपाशी दाराकडे पाठ करून जुना स्वेटर उसवत बसले होते. ऊन छान होतं. एकदम पायाखालची फरशी हादरली. वळून बघते तर दार घरात आडवं पडलंय. दारावर हातात पहार घेतलेला एक धिप्पाड माणूस. त्याच्या मागे फुटलेली पिठाची पिशवी खांद्यावर घेतलेली बाई, तिच्यामागे एक परिचारिका, आणि सगळ्यांच्या मागे तोंडावर हात धरून माझी शेजारीण. सगळे पांढरेफटक, अर्धे पिठाने आणि अर्धे भीतीने. कुणीच हलेना. मी म्हटलं, 'बसा.' दुसरं काय म्हणणार?

झालं होतं असं. यांनी घंटा दाबली, दार वाजवलं, हाका मारल्या. शेजारीण बाहेर आली आणि म्हणाली, 'महिना झाला, यांच्याकडे खोकी यायची बंद झालीत. मला तेव्हाच शंका आली होती.' ऐकलंस? माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी बाई मी जिवंत आहे की नाही ते हिरव्या खोक्यांवरून ठरवत होती! आणि मी तिला नावं तरी कशी ठेवू? खोक्यांशिवाय माझ्या दारात दुसरं कोण येत होतं?

दार तोडायच्या आधी तिने चिरंजीवांना फोन केला. मग मलाही सगळं लिहून कबूल करावं लागलं, सगळं सगळं कळलंय त्यांना. बंद पडलेलं खातं, बल्ब, पिंजरासुद्धा. जूनच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येतायत मला न्यायला. मी नाही म्हणू शकत नाही. शब्द दिला होता.

बल्ब मिळाला. लावलाय. आता घंटा दाबली की लाल उजेड पडतो. दार तेवढं नाही.

मला आता काही दिवस तुझं पत्र नको.

१६ मे

माझे बाई,

नको म्हणालीस तरी लिहिते. वाचू नकोस हवं तर, नुसतं ठेव.

तुझं पत्र उभ्याने उघडलं आणि उभ्यानेच तीनदा वाचलं. जन्मभर कंडक्टरकी केली, पण प्रवाशाला न विचारता कधी कुणाला भलत्या थांब्यावर उतरवलं नाही. तुला मात्र उतरवलं. मी स्वतःला सांगत होते, तुझ्यासाठी करतेय. खरं सांगू? पुढच्या सभेत उभं राहून 'बघा, मी कसं जमवलं' असं म्हणायची मला घाई झाली होती. तुला विचारायलाच विसरले. वाईट वाटतंय गं, फार वाईट वाटतंय.

जावईबापूंशी बोलू का? तू म्हणशील तर आजच्या आज बोलते, तू म्हणशील तर तोंडाला कुलूप. या वेळी तुझ्या होकाराशिवाय काही करणार नाही. ट्रकवाल्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही.

आणि रागाच्या भरात तू मला 'अगं' म्हणालीस. भांडण मिटलं तरी तेवढं मात्र राहू दे.

तुझी

२८ मे

अगं,

मुलांशी बोलू नकोस. ट्रकवाल्याशी बोललीस तरी चालेल, भला माणूस आहे. मी भेटले त्याला. कुठे? भांडारात! थांब, सांगते.

ज्याने दार तोडलं तोच, मी तुला मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, नवं बसवायला आला. सुतार आहे तो, इथल्या मदतगटातला. त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं होतं. मी मनाशी म्हटलं, आता हा ओरडणार. त्याने कानावरची पेन्सिल काढली, फळीवर काहीतरी लिहिलं आणि फळी माझ्यापुढे धरली. 'कडी वर लावू की खाली?'

इतक्या वर्षांत कितीतरी लोक माझ्यावर दयेने ओरडले, प्रेमाने ओरडले, पण न ओरडता सरळ लिहिणारा हा पहिला. मी लिहिलं, 'खाली.' मग आम्ही दिवसभर गप्पा मारल्या. फळीच्या दोन्ही बाजू भरल्या, मग त्याने रंधा मारला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा गप्पा मी कारखाना सुटल्यापासून मारल्या नव्हत्या. पैसे विचारले तर लिहितो, 'नकोत. भांडारात एक पाळी करा.'

म्हटलं, जूनमध्ये तर जायचंच आहे, एक पाळी करून फिटंफाट करावी. गेले. आत पाऊल टाकलं आणि परत फिरावंसं वाटलं, इतकी तोंडं हलत होती! मला गल्ल्यामागे उभं केलं. पहिल्या बाईने काहीतरी मागितलं, मी 'काय?' म्हटलं, तिने आवाज चढवला, आणि मी पुन्हा बुटकी व्हायला लागले. तेवढ्यात समोर भावाची पाटी दिसली, 'मसूर, नवा माल' लिहिलेली. मी ती फडक्याने पुसली, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बोलू नका. लिहा.' आणि खडू तिच्या हातात दिला.

ती बावचळली. मग हसली आणि तिने लिहिलं. मागच्याने लिहिलं. सगळ्या पाट्यांवरचे भाव पुसले गेले ते वेगळं, पण अर्ध्या तासात सगळं भांडार गुपचूप झालं आणि जो तो गालातल्या गालात हसत होता. एक गृहस्थ दुसऱ्या देशातून आलेत, त्यांना आपली भाषा येत नाही. त्यांनी पाटीवर कांद्याचं चित्र काढून दाखवलं, इतकं सुरेख की ते आम्ही पुसलंच नाही. दोन जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यांनी शेजारी उभं राहून एकाच पाटीवर 'तूर' आणि 'मलाही' लिहिलं. बोलल्या नाहीतच ना, त्यामुळे दोघींचीही पत राहिली!

आता दर गुरुवारी 'पाटीची सकाळ' ठरली आहे. आत कुणी बोलायचं नाही, बोलेल त्याने पाळीनंतर फरशी पुसायची. गल्ल्यावर मी. 'तुम्हीच हव्यात' असं त्यांनी लिहून दिलंय मला, दोन पाट्या लागल्या.

मी अजून कुणाला सांगितलं नाही की मी जाणार आहे. रोज ठरवते, आणि खडू खाली ठेवते.

तुझी

३ जून

अगं बाई, अगं बाई,

तुझं पत्र सभेत वाचायचं नव्हतं, तरी वाचलं. आधी परवानगी घ्यायला हवी होती, माहीत आहे. सवय जाईना. पण ऐक तरी!

आम्हीही या आठवड्यात पाटीची सकाळ केली. मला दार उघडायचं काम होतं. पहिल्या पाच मिनिटांत तीनदा बोलले, फरशी पुसून कंबर मोडली. चौथ्यांदा तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून आत आला कोण, तर खालच्या मजल्यावरचा शिंपी! वर्षानुवर्षं ज्याला मी खोक्यांवरून टोकत आले तो. पाटी घेतली आणि सराईतासारखं लिहिलं, 'तांदूळ, तेल, काळा दोरा.' मग जरा थांबून खाली लिहिलं, 'मी बोलताना अडखळतो. रांगेत लोक माझं वाक्य पुरं करतात.'

मला रडूच आलं. मी त्याला रोज जिन्यात अडवून विचारत होते, 'का नाही येत भांडारात?' आणि उत्तर द्यायला वेळच देत नव्हते. त्याच्या पाटीवर मी लिहिलं, 'चुकले.' त्याने लिहिलं, 'काळा दोरा राहिला.' आता तो दर आठवड्याला येणार आहे. तुझ्यामुळे!

आता दुसरं. लेकीचा फोन आला. जावईबापूंना रजा मिळाली, ते रविवारची वाट न बघता उद्याच निघतायत. तुझं सामान मावावं म्हणून गाडीची मागची सीट काढून ठेवलीय. मी जीभ चावून गप्प राहिले. कबूल केलं होतं ना तुला. पण मनात सारखं येतंय, उद्या गुरुवार. तू काय करणार आहेस?

तुझी

८ जून

अगं,

तुझं पत्र तो येऊन गेल्यावर मिळालं. बरंच झालं, आधी मिळालं असतं तर मी घाबरून घरी बसले असते.

गुरुवारी चिरंजीव थेट घरी गेले. दाराला कुलूप. नवं दार बघून आणखीच घाबरले. शेजारणीने सांगितलं, 'भांडारात असतील.' तिथे पोचले तेव्हा रांग दारापर्यंत होती. आत डोकं घालून त्यांनी हाक मारली, 'आई!' मला कसं कळलं? रांगेतल्या सगळ्यांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं म्हणून. पिठाची पिशवी फुटलेल्या त्याच बाईने त्यांच्या हातात पाटी आणि खडू दिला, आणि रांगेचं शेवटचं टोक दाखवलं.

मोठ्या ऑफिसात साहेब आहे गं माझा मुलगा. मुकाट्याने रांगेत उभा राहिला. मी तोलत राहिले. एकेक माणूस कमी होत तो पुढे सरकत आला, जसा लहानपणी शाळेच्या दारातून यायचा.

त्याची पाळी आली. पाटीवर लिहिलं होतं, 'घरी कुलूप होतं. खूप घाबरलो.'

मी लिहिलं, 'कामावर होते.'

त्याने पुसून लिहिलं, 'तुला न्यायला आलोय. तू शब्द दिला होतास.'

खरं होतं ते. मी आधी त्याचं लिहिलेलं पुसलं. मग जे मनात होतं ते सगळं लिहिलं, बारीक अक्षरांत, पाटीच्या कडेपर्यंत. 'शब्द दिला होता. गडबड झाली तेव्हा मला विचारणारं कुणी नव्हतं. आता मी एका गुरुवारी आले नाही, तर ही सगळी रांग माझा जिना चढेल. मला इथे राहायचंय. शब्द परत दे.'

तो वाचत होता. मागून सुताराने आपली पाटी उंच धरली, 'दार मीच तोडलं. लागलं तर पुन्हा तोडीन.' आणि त्याच्या मागच्या बाईने, 'लवकर आटपा, गॅसवर दूध ठेवून आलेय.'

मुलगा आधी हसला, मग त्याचे डोळे भरले. इतकी माणसं बघत होती, तरी त्याने ते लपवले नाहीत. पाटी फडक्याने स्वच्छ पुसली आणि लिहिलं, 'दिला.' मग खाली, 'पण गाडी रिकामी करून आणलीय, तिचं काय करू?'

तेलाचे डबे आणायचे राहिले होते, ट्रक दोन दिवस उशिरा येणार होता. मी लिहिलं, 'तेल.'

साहेबांनी दुपारभर डबे वाहिले. सदऱ्याला डाग पडले. माझ्या घरी दोन रात्री राहिला, आणि बोलायचं झालं की माझ्यासमोर येऊन बसला. ओरडला नाही. जेवताना म्हणाला, खोलीचा रंग तसाच राहू दे, तू चार दिवस पाहुणी म्हणून ये. येईन म्हटलं. तू पण ये, दोघी मिळून तुझ्या मुलीला छळू.

निघायच्या आधी भांडारात गेला आणि सभासद झाला. मी लिहून विचारलं, 'तू इथे राहत नाहीस, पाळी कशी करणार?' तर लिहितो कसा, 'महिन्यातून एकदा येऊन.' आला होता मला उचलून न्यायला, आणि स्वतःच दर महिन्याला यायचं कबूल करून गेला! पहिली पाळी जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी. फरशी पुसायची आहे. हाक मारली होती ना आत येऊन.

तुझी